गडाच्या पायथ्याचं कसब

रायगड पाहायला येणारा माणूस पाचाडला थांबतो तो बहुधा चहापुरता. फार तर राजमाता जिजाऊंच्या समाधीपुढे हात जोडतो, त्यांच्या वाड्याचे अवशेष पाहतो, काठावर दगडी तक्क्या असलेल्या विहिरीत डोकावतो. मग त्याची मान जी वर गडाकडे वळते ती वळतेच. त्यात नवल नाही. ६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, खाली पाचाडात जिजाऊंनी देह ठेवला. गड आणि गाव तेव्हापासून एकाच दमात आठवले जातात.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रायगड त्यांतला एक. साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला, तसा तो पायथ्याच्या माणसांनाही झाला. गडाचं बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या मंदिराजवळच्या पायरीवर कोरलेलं आहे. येणारा जाणारा ते वाचतो. दगडात काम करणाऱ्याचं नाव असं टिकतं. पण गड बांधताना माती, चुना, खडी वाहायला टोपल्या लागल्याच असतील. शिबंदीचं धान्य पाखडायला सुपं लागली असतील, साठवायला कणग्या लागल्या असतील. ती विणणाऱ्या हातांचं नाव कुठेच नाही. आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या वारशाविषयी, म्हणजे बांबूच्या कामाविषयी.

युनेस्कोनेही वारशाच्या दोन वाटा मानल्या आहेत. १९७२ चा करार आहे तो स्थळांसाठी: किल्ले, लेणी, मंदिरं, अरण्यं. २००३ चा करार आहे तो अमूर्त वारशासाठी, म्हणजे जो माणसांच्या तोंडी आणि हाती असतो त्याच्यासाठी. पारंपरिक कारागिरी त्यात स्पष्टपणे धरली आहे. भारत या करारात २००५ साली सामील झाला आणि २०१४ साली पंजाबातल्या जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला त्या यादीत आली. तिथे यादीत भांडं गेलं नाही, भांडं घडवण्याची रीत गेली. हा फरक मोठा आहे. गडाची भिंत शंभर वर्षं कुणी पाहिली नाही तरी पडझड सोसून उभी राहते, पुढे कुणी तिची डागडुजीही करू शकतो. हातातली कला मात्र एका पिढीने पुढच्या पिढीला दिली नाही तर संपते. तिचे अवशेष राहत नाहीत.

आता सूपच घ्या. आपल्याला ती तीन बाजूंनी काठ असलेली एक साधी वस्तू वाटते. पण भाताच्या मुलखात तिच्याकडून तीन निरनिराळी कामं करून घेतली जातात आणि मराठीने त्यांना तीन क्रियापदं दिली आहेत. पाखडणं म्हणजे धान्य वर उडवून फोल पुढे घालवणं. आसडणं म्हणजे झटके देऊन कणी आणि तांदूळ वेगळे करणं. घोळणं म्हणजे सूप गोल फिरवत खडे नि न सडलेले दाणे एका जागी आणणं. पुढची बाजू उघडी आणि उतरती असते ती फोल जावं म्हणून. मागचा काठ उंच असतो तो जड दाणा मागे राहावा म्हणून. विणीचा खडबडीतपणासुद्धा कामाचा असतो, दाणा त्यावर एकदम घसरत नाही. प्लॅस्टिकचं सूप गुळगुळीत असतं, त्यात हे नीट साधत नाही. ज्या बाईने दोन्ही वापरली आहेत तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे सूप होतं कशाचं? बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. पावसाळ्यात त्याचा कोंब फुटतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढे तो उंच होत नाही, नुसता पक्का होत जातो. कामाला योग्य व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. कोवळा तोडला तर सुकताना सुरकुततो, फार जून झाला तर चिरताना तडकतो. पावसाळ्यात तोडायचा नाही, कारण तेव्हा बेटात नवे कोंब येत असतात. पाऊस गेल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडतात. रस कमी असला की भुंगा कमी लागतो. मग कोयत्याने उभा चिरायचा, पेरं साफ करायची, कामट्या काढायच्या. बांबूची पाठ, म्हणजे वरची हिरवी साल, चिवट असते. ती काठाला आणि जिथे जोर येतो तिथे. आतला गर मऊ असतो, तो हलक्या वस्तूंना. ही निवड कुठल्या पुस्तकात पाहून होत नाही. बोटांना ती कळते, आणि बोटांना कळायला लहानपणापासून शेजारी बसावं लागतं.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसात वाकून भातलावणी करायची. छत्री धरली तर एक हात अडकतो. रेनकोट घातला तर आत घामाने माणूस भिजतो. यावर इथल्या माणसाने काढलेला तोडगा म्हणजे इरलं. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात पळसासारखी रुंद पानं दाबून बसवायची आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकेल असा होडीसारखा आकार द्यायचा. उभ्या माणसाला इरलं अवघडच. ते वाकलेल्या माणसासाठीच केलेलं आहे. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी आणि खालून वारा खेळता. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, नंतर कामट्याही गेल्या आणि नुसता कागदच पाठीवर उरला. आज इरलं शेतात क्वचितच दिसतं.

सूप मात्र टिकलं. का टिकलं हे पाहण्यासारखं आहे. कोकणात गौरीच्या सणाला नव्या सुनेचा ओवसा असतो. तो सुपांनी भरायचा असतो आणि त्याला बांबूचंच सूप लागतं, तिथे प्लॅस्टिक चालत नाही. काही घरांत जन्मलेलं मूल आधी सुपात ठेवतात. शेवटच्या वाटेला तिरडी बांबूचीच. आम्हा मुसलमानांकडे कबरीत मय्यत उतरवल्यावर माती थेट अंगावर पडू नये म्हणून वर फळ्या नाहीतर बांबू आडवे घालतात. दफन असो की दहन, बांबू सोबतीला आहेच. जिथे समाजाने बदली वस्तू नाकारली तिथे कारागिराचं काम उरलं. इरल्याला असा कुठला विधी नव्हता, ते नुसतं उपयोगाचं होतं. म्हणून स्वस्त पर्याय येताच ते गेलं. कला टिकते ती कौतुकावर नव्हे, गरजेवर.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला शब्दांची उलटापालट करायची सवय असते. आपण कारागिराच्या हातात कसब आहे असं म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. तिथे ‘कस्ब’ म्हणजे मिळवणं, कमाई. मराठीत येता येता त्याचा अर्थ कौशल्य असा झाला. मला वाटतं, शब्दाने दोन्ही अर्थ आपल्याजवळ ठेवायला हवे होते. कारण कमाई गेली की कौशल्यही जातं. वारशाविषयी बोलताना आपण कौशल्याचे गोडवे गातो आणि कमाईची गोष्ट निघाली की विषय बदलतो.

कमाई कशी जाते याचं उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. कातकरी हे नावच कात करण्यावरून पडलं. खैराच्या लाकडापासून विड्यात लागणारा कात काढणं हा या लोकांचा धंदा होता. इंग्रजांच्या काळात जंगलं राखीव झाली, खैर तोडणं हा गुन्हा ठरला आणि धंदा बसला. पुढच्या पिढ्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेल्या. अजूनही कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. धंदा नावात राहिला, हातातून गेला. कातकऱ्यांनी कात करायचं सोडलं नाही, त्यांच्या हातातला कच्चा माल काढून घेतला गेला. कला मेली असं आपण सहज म्हणतो, पण पुष्कळदा आधी तिची वाट अडवलेली असते.

बांबूच्या बाबतीतही असंच होता होता राहिलं. बुरुड समाजाचं सारं पोट बांबूवर. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूला झाड मानलं होतं. त्यामुळे तो तोडायला नि वाहून न्यायला परवान्यांचा जाच होता, अगदी खासगी जमिनीतला असला तरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानलं. २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या जमिनीतला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे गवताला कायद्याने गवत म्हणायला नव्वद वर्षं लागली. आता शेताच्या बांधावर बांबू लावून तो विकता येतो. पायथ्याच्या गावांना याचा मोठा उपयोग होऊ शकतो, पण लावलेला सगळा बांबू ट्रकने बाहेर गेला तर इथल्या कारागिराला पुन्हा तो विकतच घ्यावा लागेल.

सरकारी योजना नाहीत असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे, तेही पाच टक्के व्याजाने. हे चांगलंच आहे. पण बुरुडाचं अवजार म्हणजे मुख्यतः एक कोयता. त्याला कमी पडतं ते अवजार नव्हे. त्याला जवळ बांबू हवा आणि मजुरी देणारं गिऱ्हाईक हवं.

भौगोलिक मानांकनाचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाल्यावर त्यांचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. नाव नोंदलेलं असलं की निदान हक्काने बोलता येतं. पण सूप गावोगाव होतं. त्याला एका गावाचं नाव कसं लावणार? ज्या वस्तू सगळ्यांच्या असतात त्यांना असं कवच मिळत नाही. त्यांना राखायचं ते वापरणाऱ्यांनीच.

म्हणून शेवटी गोष्ट किमतीवर येते. सुपाची किंमत ठरवताना आपण समोर दिसतं ते सूप पाहतो. बेटापर्यंतची पायपीट, तोडणी, चिरणं, तासणं, वाळवणं हे आपल्या हिशेबात नसतं. बाजारात मॉलमधल्या वस्तूची छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण टोपलीवालीशी मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या दहा रुपयांत तिच्या मुलाने हे काम शिकायचं की नाही याचा निर्णय होत असतो. मूल हिशेबात हुशार असतं. आईच्या दिवसभराच्या कामाचे किती झाले हे त्याला दिसतं.

१९९६ साली हिरकणीवाडीला रोपवे झाला आणि गडावर येणारी गर्दी वाढली. जागतिक वारशाच्या मानाने ती आणखी वाढेल. ही गर्दी पायथ्याच्या हातांना काम देऊ शकते. गडाखालच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या तलवारी मांडायच्या तशाच इथल्या परड्या, रोवळ्या, सुपंही मांडता येतील. छोटी, शोभेची म्हणून नव्हेत, खरोखर वापरायची. जेवणाच्या खानावळीत भाकरी बांबूच्या दुरडीतून येऊ शकते. शाळेच्या सहली येतात, त्या मुलांना तासभर बांबू चिरणाऱ्या आजोबांपुढे बसवता येईल. मात्र त्या तासाचं मानधन आजोबांना रोख द्यावं, नुसता नारळ आणि शाल नको.

विधिमंडळाच्या अधिवेशनाचं सूप वाजलं, असं आपण बातम्यांत अजून ऐकतो. सुपातले आणि जात्यातले यांची म्हण अजून वापरतो. जातं घरातून गेलं तरी म्हण उरली. सुपाचं तसं होऊ द्यायचं का, हे आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा परतताना महाडच्या बाजारात थोडा वेळ काढा. एखादं सूप घ्या, ते कुणी विणलं ते विचारा, नाव लक्षात ठेवा, सांगितलेली किंमत द्या. घरी नेऊन ते भिंतीवर टांगू नका. तांदूळ पाखडा.