सोसण्याची कोरियन भाषा

कोरियन शिकवणाऱ्या पुस्तकांत कष्टांविषयीच्या म्हणी बहुधा एकाच पानावर दाटीवाटीने बसवलेल्या असतात. ‘कोसेंग क्कुते नागी ओन्दा’, कष्ट सरले की सुख येतं. आकाश कोसळलं तरी निसटायला भोक सापडतं. उंदराच्या बिळातही एक दिवस ऊन शिरतं. सगळ्या पाठ झाल्या की वाटतं, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच सुरात सोसत आली. म्हण कोणी, कधी आणि कोणाला ऐकवली हे बघायला लागलं की तो सूर राहत नाही.

‘बोरित्कोगे’ म्हणजे जवाची खिंड. गेल्या हंगामातला तांदूळ संपलेला, शेतातला जव अजून हिरवा. वसंत सरतानाचे ते उपासाचे आठवडे घाट चढावा तसे ओलांडायचे. पाइनच्या सालीचा आतला पापुद्रा, रानातली मुळं, जे मिळेल ते शिजवून लोकांनी ते काढले. जपानी राजवटीत तांदूळ जपानला जात होता, मग कोरियन युद्ध झालं, आणि १९६०च्या दशकापर्यंत दक्षिण कोरियाच्या खेड्यांत हा शब्द एखाद्या ऋतूच्या नावासारखा रुळलेला होता. त्यात धीर धरा वगैरे कोणी कोणाला सांगत नाही. भूक आहे, एवढंच. ती खिंड मागे पडायला बियाण्याची मोठी मदत झाली. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने काढलेलं ‘तोंगिल’ वाण १९७२पासून शेतांत पसरलं आणि १९७७मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. त्या भाताची चव फारशी कोणाला आवडली नाही, तो भाग वेगळा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पनामामध्ये हाँग सू-ह्वान हा मुष्टियोद्धा दुसऱ्या फेरीत चार वेळा खाली पडला. तीनदा पडल्यावर लढत थांबवायचा नियम तिथे लागू नव्हता. तिसऱ्या फेरीत त्याने कारास्किया या प्रतिस्पर्ध्याला आडवं करून जागतिक किताब जिंकला. सात वेळा पडून आठव्यांदा उठणं, ही जुनी चिनी घडणीची म्हण होतीच. लोकांनी तिच्यातले आकडे बदलून ‘साजॉनोगी’ केली, चारदा पडून पाचव्यांदा उठणं. म्हणीचा हिशेब प्रत्यक्षाशी जुळवून घेण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

पुढे या भाषेचा वापर बदलला. १९९७च्या अखेरीस देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, आणि कमरेचा पट्टा आवळा हा वाक्प्रचार जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. १९९८च्या सुरुवातीला सुमारे ३५ लाख लोकांनी घरातलं सोनं देशासाठी पुढे केलं. लग्नाच्या अंगठ्यांसकट सुमारे २२७ टन. जगाने कौतुक केलं. त्याच फेब्रुवारीत कामगारकपात सोपी करणारा कायदाही झाला, म्हणजे पट्टा आवळायला सांगितलेल्या पुष्कळांची नोकरीच गेली.

‘तरुणपणीचे कष्ट विकत घेऊनही करावेत’ ही म्हण तर वडीलधाऱ्यांची लाडकी. आपल्याकडे टाकीचे घाव ज्या वयाचे लोक ज्या वयाच्या लोकांना ऐकवतात, तसंच. २०१०च्या अखेरीस प्राध्यापक किम नान-दो यांचं ‘दुखतं म्हणून तारुण्य’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मग उलटा टोलाही आला: दुखत असेल तर तो पेशंट, तरुण कसला? २०१५च्या सुमारास ‘हेल जोसन’, म्हणजे नरक झालेला कोरिया, आणि मातीचा चमचा तोंडात घेऊन जन्मलेले, हे शब्द तरुणांच्या तोंडी बसले. सोसण्याचं बक्षीस मिळतं यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता आणि घरांच्या किमती बघता त्यांना दोष देववत नाही.

म्हणून २०२२चं नवल वाटतं. त्या वर्षी ‘लीग ऑफ लेजंड्स’ या व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेत एक सामना हरल्यावर ‘डेफ्ट’ या खेळाडूची मुलाखत झाली आणि तिला पत्रकाराने मथळा दिला: महत्त्वाचं काय, तर न मोडणारं मन. अगदी तळाच्या फेरीतून आलेला त्याचा डीआरएक्स संघ पुढे चक्क विजेता ठरला. डिसेंबरात कतारमधल्या विश्वचषकात पोर्तुगालला २-१ हरवल्यावर कोरियन फुटबॉलपटूंनी हेच शब्द लिहिलेला झेंडा फडकवला. वाक्याची आद्याक्षरं जोडून ‘जुंगक्कॉङ्मा’ झालं. या वेळी म्हण तरुणांकडून वर गेली होती.

लवकरच विनोदवीर पाक म्यॉन्ग-सू यांनी तिची दुरुस्ती सुचवली: महत्त्वाचं काय, तर मोडल्यावरही तसंच काम करत राहणारं मन. ती आवृत्तीही लोकांनी उचलली. कामावर जाणाऱ्यांना तीच जास्त पटली असणार.