दोन रात्रींची क्रूझ म्हणजे नेमके किती तास? मुंबईहून जहाज निवडताना काय बघायचं

चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब आहे. पण मोबाइलवर तो रोज दिसतो. जहाजाच्या गच्चीवरचा स्विमिंग पूल, बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त आणि खाली ‘फक्त इतक्या रुपयांत’ अशी पाटी. सोयाबीनचे पैसे हातात आले, मुलांना सुट्ट्या लागल्या की घरात विषय निघतोच: या वेळी क्रूझ करायची का?

करायला हरकत नाही. मात्र जहाजाचं तिकीट हे एसटीच्या तिकिटासारखं नसतं. त्यात राहणं, जेवण, करमणूक सगळं एकत्र असतं आणि पैसे बरेच आधी भरावे लागतात. निवड चुकली तर मधेच उतरून घरी येता येत नाही.

मुंबईहून कोणती जहाजं सुटतात?

देशांतर्गत सफरींसाठी सध्या ठळक नाव आहे कॉर्डेलिया क्रूझेसचं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एनसीबीच्या छाप्यामुळे हे नाव घरोघरी पोचलं, पण जहाज त्याआधी काही दिवसच इथल्या सेवेत आलं होतं. त्याचं नाव ‘एम्प्रेस’. १९९० साली बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे असलेलं, सुमारे २११ मीटर लांबीचं आणि अकरा मजल्यांचं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी त्याने केल्या आहेत.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. रीलमध्ये पाण्याच्या प्रचंड घसरगुंड्या आणि जहाजाच्या पोटात बाग दिसते, ते बहुतेक वेळा ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखं जहाज असतं. ते ३६५ मीटर लांब आहे, २०२४ मध्ये सुरू झालं आणि अमेरिकेतल्या मायामीहून सुटतं. तो व्हिडिओ बघून मुंबई-गोव्याचं तिकीट काढलं तर जहाज वाईट नसूनही हिरमोड होतो. म्हणून जाहिरातीतलं चित्र बाजूला ठेवा, जहाजाचं नाव विचारा आणि त्याच जहाजाचे प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ बघा.

‘दोन रात्री, तीन दिवस’चा हिशोब

जहाजावर चढायचं दुपारी. सामान तपासणी, ओळखपत्र, रांगा, सुरक्षेची कवायत यात संध्याकाळ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की उतरायचं. म्हणजे ‘तीन दिवसां’त पूर्ण दिवस एकच हाती लागतो. शिवाय काही छोट्या सफरी कोणत्याच बंदरात थांबत नाहीत. जहाज खोल समुद्रात फिरून परत येतं. ज्याला फक्त जहाजच अनुभवायचं आहे त्याला हे चालेल. पण आजी-आजोबांना ‘गोवा दाखवतो’ म्हणून नेणार असाल तर वेळापत्रकात गोव्यात किती तास थांबा आहे ते आधी बघा. जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजीला जाण्या-येण्यातच थांब्याचा मोठा तुकडा जातो.

लक्षद्वीपचं गणित आणखी वेगळं. मोठं जहाज बेटाला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून नेलं जातं. लाटांत हलणाऱ्या बोटीत पाय टाकून चढायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणं रद्दही होऊ शकतं. तसं झाल्यास पैसे परत मिळतील का, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचणारे फार थोडे.

खोली कोणती घ्यावी?

सगळ्यात स्वस्त खोली आतली, बिनखिडकीची. मग खिडकीची, मग बाल्कनीची, सगळ्यात महाग सूट. दोन रात्रींसाठी आतली खोली पुष्कळ झाली, कारण झोपण्यापलीकडे कुणी खोलीत थांबत नाही. मात्र बंद जागेत घुसमटणाऱ्याने पैसे वाचवू नयेत, खिडकी घ्यावी.

समुद्र लागण्याची भीती असेल तर खोलीची जागा किमतीपेक्षा महत्त्वाची. जहाज लाटांवर सी-सॉसारखं हलतं: टोकं जास्त वरखाली होतात, मध्य कमी. त्यामुळे खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली सगळ्यात शांत. गंमत म्हणजे अशी खोली बऱ्याचदा स्वस्तही असते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. जुन्या काळी कोकणच्या बोटीही या महिन्यांत बंद असत. मुंबईहून जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

जाहिरातीतल्या आकड्याबाहेर काय असतं?

तो दर सहसा एका माणसाचा असतो, तोही खोलीत दोघं राहतील असं धरून. एकटा जाणाऱ्याला जास्त पडतं. त्यावर बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांचं सेवा शुल्क आणि जीएसटी. बंदरावर फिरायची गाडी, दारू, स्पा, वायफाय, जहाजावरचा डॉक्टर हे बहुतेक ठिकाणी वेगळं. जहाजावर खोलीचं कार्डच पैशासारखं वापरलं जातं, त्यामुळे खर्च जाणवत नाही आणि शेवटच्या दिवशी बिल समोर येतं. मुलांच्या हातात ते कार्ड देताना विचार करा. कॅसिनोही तिथेच असतो.

एजंटला एकच प्रश्न विचारा: ‘चौघांचे सगळे मिळून किती, लेखी द्या.’ शाकाहारी, जैन किंवा उपवासाचं जेवण लागत असेल तर तेही बुकिंग करतानाच सांगा.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. बँकेचा ओटीपी येत नाही, म्हणून एखादा हप्ता भरायचा असेल तर आधीच भरून टाका. फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला गेला तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं.

आगाऊ पैसे किती सुरक्षित?

मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीचं ‘कर्णिका’ जहाज मोठ्या थाटात सुरू झालं होतं. कोविडमध्ये सफरी थांबल्या, २०२० मध्ये कंपनी बंद झाली आणि जहाज गुजरातमधल्या अलंगला भंगारात गेलं. जेमतेम दीड वर्षाचा खेळ. त्यामुळे वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरायची घाई नको. रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के कापले जातात ते बघा, पैसे शक्यतो कार्डाने भरा आणि पावती कंपनीच्या बुकिंग क्रमांकासह घ्या. एजंटने ‘सीट पक्की’ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज म्हणजे तिकीट नव्हे.

गरोदर महिलांना साधारण २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. ही अडचण बंदरावर कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

उंद्री ते बंदर

शेगाव किंवा मलकापूरहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जवळच आहे. पण गाडी काही तास उशिरा आली तर जहाज थांबत नाही. त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि एक रात्र नातेवाइकांकडे काढा. परतीला जहाज सकाळी लागतं, तर विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. तोवर बॅगा कुठे ठेवायच्या ते आधी ठरवा, आणि रेल्वेचं परतीचं आरक्षण क्रूझच्या तिकिटाबरोबरच करून टाका, कारण सुट्ट्यांमध्ये खोली मिळते पण बर्थ मिळत नाही.