जुन्या घरगुती संगणकाची डागडुजी

घरांतील संगणक मंद झाला कीं तो भंगारांत देण्याचा प्रघात अलीकडे खेड्यापाड्यांतहि पडला आहे. परंतु म्हाताऱ्या बैलास नवे दांत बसवितां येत नाहींत; संगणकाचे बहुतेक अवयव नवे बसवितां येतात. सबब आधीं दोष कोठें आहे हें पाहावें.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं जमाखर्च, उतारे व कर्जाचे कागद यांची नक्कल बाहेरील डिस्कवर करून घ्यावी. प्रस्तुत लेखकानें एके वर्षीं हें केलें नाहीं. हार्ड डिस्क चार दिवस टकटक आवाज करीत होती. चालते आहे तोंवर चालूं द्यावी असें वाटलें, आणि पांचव्या दिवशीं तीन हंगामांचा उसाचा हिशेब तिच्याबरोबर गेला. असा आवाज येऊं लागल्यास दुसरें कांहीं न करितां प्रथम नक्कल उतरावी.

शेतावरील घरांत मोठा शत्रु धूळ होय. मळणीच्या दिवसांत भुसा पंख्यांत व त्याखालील धातूच्या पात्यांत बसतो. मग प्रोसेसर तापतो, तापला कीं आपणहून वेग कमी करितो, आणि फारच तापल्यास यंत्र एकाएकीं बंद पडतें. विजेची तार काढून मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. टायरांत हवा भरण्याच्या कंप्रेसरचा झोत मारूं नये. त्या हवेंत पाण्याचे कण असतात.

संगणक दररोज तारीख मागें नेत असेल तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असें समजावें. बहुधा तिच्यावर सीआर २०३२ असें लिहिलेलें असतें. तारीख चुकली कीं पुष्कळ संकेतस्थळें उघडत नाहींत, आणि बिचाऱ्या इंटरनेटवर आळ येतो! पडदा काळा राहून नुसत्या शिट्या ऐकूं येत असतील, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दांते खोडरबरानें हलकेच पुसावे व ती पुन्हां घट्ट बसवावी.

खर्च करावयाचाच तर प्रथम एसएसडीवर करावा. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि माहिती सुईखालीं येईपर्यंत सारें यंत्र खोळंबतें. एसएसडींत हलता भागच नाहीं. तिच्या खालोखाल रॅम. डीडीआर ३ व डीडीआर ४ यांच्या खांचा निरनिराळ्या जागीं असतात, म्हणून दुकानांत जातांना जुनी पट्टी बरोबर न्यावी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतें, व तें पुष्कळ जुन्या यंत्रांत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली चालविण्यास हरकत नाहीं. मात्र आपला हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेलच असें नाहीं. ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहतां येते. तसें पाहूनच बदल करावा.

वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरीं उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत कांहीं वेळ जोराचा विद्युत्-भार राहतो. आणि मदरबोर्डावरील कपॅसिटर फुगलेले दिसले, तर त्या यंत्रावर अधिक पैसा घालूं नये असें आमचें मत आहे.