रॅम्प आहे, पण सामना दिसतो का?

रॅम्प आणि लिफ्ट असली की स्टेडियम अपंगांच्या सोयीचं झालं ना, असं एका वाचकाने विचारलं आहे. आत शिरण्यापुरतं झालं. पण तिकीट काढतात ते सामना पाहायला, आणि तिथे गाठ भूमितीशी पडते.

ही भूमिती 1838 मध्ये मांडली जॉन स्कॉट रसेलने. एडिंबराजवळच्या कालव्यात उठलेल्या एकुलत्या एक लाटेमागे घोडा दामटणारा इंजिनिअर तो हाच. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज त्याच्याच गोदीत बांधलं गेलं, नाव झालं इंजिनिअर ब्रुनेलचं. लाटेमुळे रसेल भौतिकशास्त्रात तरी उरला, त्याच्या आसनरचनेची आठवण फारशी कुणी काढत नाही. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जायची, तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी जास्त चढवावी लागते. एकसारखा उतार पुरत नाही. मागच्याची नजर आणि पुढच्याचे डोळे यांतल्या उभ्या अंतराला आजचे रचनाकार ‘सी-व्हॅल्यू’ म्हणतात. 90 मिलिमीटर चालतात, 120 मिळाले तर उत्तम.

मात्र हा हिशेब सगळे बसलेले आहेत असं धरून केलेला. शेवटच्या षटकात बसतंय कोण? पुढचा उठला की मागचाही उठतो, आणि व्हीलचेअरवरच्याला दिसतात नुसत्या पाठी. त्याचे डोळे जेमतेम सव्वा मीटरवर, उभ्या माणसाचं डोकं पावणेदोनवर. हा अर्ध्या मीटरचा फरक पायरीनेच भरून काढायला हवा. वॉशिंग्टनच्या एमसीआय सेंटर या क्रीडागृहाचं प्रकरण 1996 मध्ये यावरूनच कोर्टात गेलं. व्हीलचेअरच्या बहुतेक जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं.

काँक्रीट ओतल्यावर हे सुधारत नाही. स्पर्धेनंतरच्या वापराचंही तेच, तो आधीच नकाशात असावा लागतो. लंडनच्या ऑलिम्पिक जलतरण केंद्रात 2012 साली साडेसतरा हजार जागा होत्या, बहुतेक दोन तात्पुरत्या पंखांवर. पंख उतरवले, अडीच हजारांच्या आसपास जागा राहिल्या आणि 2014 पासून तिथे आसपासचे लोक पोहतात. (वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या तिथल्या देखण्या छताने वरच्या रांगांना 10 मीटरची उडी धड दिसू दिली नव्हती, हेही सांगायला हवं.)

तुमच्या गावात क्रीडासंकुल मंजूर झालं असेल, तर रंगीत चित्रावर समाधान मानू नका. प्रेक्षागॅलरीचा उभा छेद दाखवायला सांगा आणि पुढची रांग उभी राहिल्यावर व्हीलचेअरवरून काय दिसेल, ते त्यावर रेघ मारून दाखवायला लावा.