आपत्काळातील पिण्याचे पाणी : गाळणे, निर्जंतुक करणे व साठविणे

घागरीच्या तोंडावर फडके धरून पाणी भरण्याची रीत खानदेशात फार जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी एरवी तेवढी दक्षता पुरेशी वाटते, कारण नळाचे अथवा कूपनलिकेचे पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसते. परंतु अतिवृष्टीत वीज खंडित होते, पंप बंद पडतो, नळ कोरडा राहतो. आणि मग घरातील माणसे हंडा-घागर घेऊन जवळच्या उघड्या विहिरीकडे अथवा नाल्याकडे वळतात. सन २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला आलेल्या महापुरात उकाई धरणाखालील सुरत शहराचा मोठा भाग जलमय झाला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. पूर ओसरतो, त्याची वार्ताही जुनी होते. परंतु त्या दोन-चार दिवसांत घरात आलेल्या पाण्याचा परिणाम नंतरच्या आठवड्यात शाळेच्या हजेरीपटावर दिसू लागतो. अतिसार, विषमज्वर, कावीळ व क्वचित पटकी हे त्या पाण्याचे फळ होय, आणि त्याचा पहिला आघात घरातील सर्वांत लहान मुलावर होतो.

अशा वेळी फडक्याचा उपयोग किती व त्याची मर्यादा कोणती, हे शिक्षकांनी प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. फडके क्षुद्र वस्तू नव्हे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत एकेकाळी नारूचा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना रोग्याच्या पायातील नारू आपली पिले पाण्यात सोडी. ती पिले सायक्लॉप्स नावाच्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जलजीवाच्या पोटात जात. आणि तो जीव पाण्यासह ज्याच्या पोटात जाई, त्याच्या पायातून सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी दाट विणीच्या कापडातून गाळणे, पायविहिरी बंद करणे आणि रोग्यास पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच मुख्य उपायांनी सन १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने हा रोग हटविला. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. या यशात घरोघरच्या गाळण्याचा वाटा मोठा आहे.

पटकीचे जंतू मात्र सायक्लॉप्सहून शेकडो पटींनी लहान असतात. ते कापडाच्या छिद्रांतून सहज निघून जातात. तरीही कापड येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. हे जंतू पुष्कळ वेळा सायक्लॉप्सच्याच जातीच्या बारीक जलजीवांना चिकटून राहतात. बांगलादेशातील मतलब भागातील ६५ खेड्यांत १९९९ ते २००२ या काळात संशोधिका रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. जेथे स्त्रिया जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून पाणी गाळू लागल्या, तेथे पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. साडी जुनी असावी, हा त्यातील मर्माचा भाग होय. वारंवार धुतलेल्या सुती कापडाचे तंतू फुलून विणीतील छिद्रे लहान होतात, म्हणून नव्या कापडापेक्षा जुने स्वच्छ लुगडे अथवा धोतर चांगले. त्याच्या चार घड्यांहून कमी करू नयेत. गाळताना प्रत्येक वेळी कापडाची तीच बाजू वर राहावी. पालटलेले फडके गाळलेली घाण पुन्हा घागरीत सोडते. काम झाल्यावर ते धुऊन कडक उन्हात वाळवावे.

निम्मे रोगी वाचले याचा दुसरा अर्थ असा की, उरलेले निम्मे वाचले नाहीत. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत घालविण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून ते मुलांसमोर चार पदरी फडक्यातून गाळावे व एखाद्या मुलास चाखावयास द्यावे. पाणी नितळ, परंतु खारटच. रोगजंतू मिठासारखे विरघळत नाहीत हे खरे; तथापि डोळ्यांस न दिसणारी वस्तू फडक्यातून पार होते, एवढे मुलांच्या मनावर ठसण्यास हा दाखला पुरे. ज्या मुलांच्या घरी भिली, पावरी, अहिराणी अथवा गुजरी बोलतात, त्यांच्याकडून हा प्रयोग त्यांच्याच बोलीत पुन्हा सांगवून घ्यावा. म्हणजे तो घरापर्यंत पोहोचेल.

तीन माठांच्या उतरंडीची गाळणी अनेक शिक्षकांना पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. वरच्या माठात गढूळ पाणी, मधल्यात कोळसा, वाळू व खडी, आणि खालच्यात गाळलेले पाणी, अशी तिची रचना. वाळूचे सामर्थ्य खरोखरच मोठे आहे. सन १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. तेथे पटकीने ८,००० हून अधिक माणसे दगावली. त्याला लागूनच असलेल्या अल्टोना गावाने त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेतले. परंतु ते वाळूच्या थरांतून सावकाश गाळले, आणि ते गाव बहुतांशी बचावले. मात्र जंतू अडविण्याचे काम केवळ वाळू करीत नाही. वाळूच्या पृष्ठभागावर कित्येक दिवसांनी सूक्ष्म जीवांचा जो चिकट थर जमतो, तो ते काम मुख्यत्वे करतो. आणि वाळू सदैव ओली राहिली व पाणी मंद गतीने झिरपले तरच तो थर टिकतो. पुराच्या दिवशी घाईने रचलेल्या तीन माठांत तो नसतो. असे माठ गाळ काढतात; जंतूंचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. कोळसाही फार दिवस तसाच राहिल्यास त्यातच जंतू वाढतात.

सारांश, गाळणे ही पहिली पायरी होय. पाणी फार गढूळ असल्यास त्याच्याही आधी तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवून घागर तासभर तरी न हलविता ठेवावी. गाळ तळाशी बसतो. निवळीची बी सहाणेवर उगाळून घालण्याची जुनी रीतही याच कामाची. नंतर वरचे पाणी तळ न ढवळता फडक्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावे. हे आधी करण्याचे कारण असे की, गढूळ पाण्यात क्लोरीनची शक्ती मातीवरच खर्च होते.

त्यानंतर जंतू मारावयाचे. उकळणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. वीस-वीस मिनिटे पाणी उकळावे असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते आणि सरपणाच्या टंचाईमुळे ते कोणीच करीत नाही. वस्तुतः पाण्यास खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. तोरणमाळच्या उंचीवर पाणी थोड्या कमी उष्णतेस उकळते, तरी तेथेही हाच नियम चालतो. उकळलेले पाणी झाकूनच निवू द्यावे. त्याची बेचव दोन स्वच्छ भांड्यांत चार वेळा उलटसुलट ओतल्याने जाते.

सरपण ओले असेल तेव्हा क्लोरीन. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीत व टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतात, घरासाठी तिचे द्रावण करावे लागते, कारण घागरीला लागणारी पावडर चिमटीहूनही कमी असते. ताज्या, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा व वरचे नितळ द्रावण गडद रंगाच्या काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावे. त्याचा चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, सुमारे २० लिटर गाळलेल्या पाण्यास पुरतो. पाण्यात गढूळपणा उरला असल्यास दोन चमचे. ढवळून अर्धा तास थांबावे. त्यानंतर पाण्यास क्लोरीनचा किंचित वास यावयास हवा; तो न आल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घालून आणखी अर्धा तास थांबावे. हा वास अनेकांना नकोसा वाटतो, परंतु पाण्याच्या रखवालीची तीच खूण आहे. द्रावण मोठ्या माणसाने उघड्यावर करावे, धातूच्या भांड्यात करू नये, बाटलीवर तारीख लिहावी व आठवड्यानंतर ते टाकून द्यावे. उघडी राहिलेली किंवा ओली झालेली पावडर निःसत्त्व होते. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्यास वेष्टनावर लिहिलेले प्रमाणच पाळावे.

उन्हाळ्यातील टंचाईत तिसरा उपाय आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन लिटरपर्यंतच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती पत्र्यावर आडवी, सहा तास कडक उन्हात ठेवल्यास बहुतेक जंतू मरतात. आभाळ भरलेले असल्यास दोन दिवस लागतात. म्हणून पावसाळ्यात यावर विसंबणे बरे नव्हे.

एवढे करूनही पाणी बिघडते, ते घरात. रुंद तोंडाच्या हंड्यात पेला बुडविताना बोटेही बुडतात. मुलांना हे दाखविण्यासाठी एकाने बोटांना हळद लावून पेल्याने बादलीतील पाणी घ्यावे; पाण्यास चढणारा पिवळा रंग कोणाही भाषणाहून बोलका असतो. म्हणून भांडे अरुंद तोंडाचे व झाकणाचे असावे, त्यास तोटी असावी. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे व ते झाकणावर उघडे न ठेवता खुंटीस टांगावे. कीटकनाशकाचा अथवा घासलेटाचा रिकामा डबा कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्यास वापरू नये. कापूस व ऊस पिकविणाऱ्या गावांत ही सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पुराच्या पाण्यात फवारणीची औषधे मिसळली असतील, तर त्या पाण्यास गाळणे, उकळणे वा क्लोरीन यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. ते पाणी सोडूनच द्यावे.

किती पाणी साठवावे, हे वर्गातील गणित होऊ शकते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज निदान ३ लिटर धरावे. सहा माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी ५४ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचे तीन डबे भरलेले हवेत. मृगाच्या आधीच मुलांनी आपापल्या घरचे हे गणित मांडून आणावे, आणि कोणती भांडी झाकणाची आहेत तेही लिहावे. साठविलेले पाणी पावसाळ्यात दर आठवड्यास भांडी धुण्यास वा जनावरांस वापरून डबे पुन्हा भरावेत. एखाद्या मुलास जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनीची पुडी याच शुद्ध केलेल्या पाण्यात, पुडीवर लिहिलेल्या मापाने कालवून पाजावी व आरोग्य उपकेंद्रास तत्काळ कळवावे.