तुतारी व हॉर्न यांच्या सरावाचा ध्वनिशास्त्रीय विचार

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचे अधिकृत नाव अहमदनगर) गावोगावच्या जत्रांत व वरातींत तुतारी वाजते. नगरच्या लष्करी छावणीला बिगुलाचा नाद परिचित आहे. आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्नला मानाचे स्थान आहे. बाह्यतः भिन्न दिसणारी ही तिन्ही वाद्ये एकाच कुळातील होत. सनईत पत्ती कंप पावते. येथे वादकाचे ओठच पत्तीचे कार्य करतात. म्हणून या वाद्यांचा सराव हा प्रथमतः ओठांचा, श्वासाचा व जिभेचा सराव ठरतो, आणि त्याचा विचार उच्चारशास्त्राच्या कक्षेत येतो.

नळीत उत्पन्न होणाऱ्या स्वरांची कंपने १, २, ३, ४, ५ अशा प्रमाणात वाढतात. दुसरा स्वर षड्ज मानल्यास तिसरा पंचम, चौथा तार षड्ज, पाचवा तार गांधार व सहावा तार पंचम होय. बिगुलाच्या इशाऱ्यांना हे पाच स्वर पुरतात. हॉर्नची नळी मात्र सुमारे १२ फूट लांब असते व तिचे वादन बरेचसे आठव्या स्वराच्या आसपास व त्याच्याही वर चालते. तेथे स्वर एकमेकांस इतके निकट येतात, की ओठांचा ताण किंचित चुकला तरी शेजारचा स्वर उमटतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हॉर्नला झडपा जोडण्यात आल्या. परंतु ही अडचण त्यांनी दूर झाली नाही.

सरावाचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. आरंभी केवळ मुखाशी लावावयाच्या वाटीत फुंकून ओठ जागे करावेत. नंतर मध्य सप्तकातील एकेक स्वर क्षीण नादापासून वाढवीत न्यावा व पुन्हा क्षीण करावा; मात्र त्याची उंची ढळू देऊ नये. तदनंतर जिभेचा आघात न करता शेजारच्या दोन स्वरांत ये-जा करावी. येथे ‘आ’ व ‘ई’ या स्वरोच्चारांचे साहाय्य होते : खालच्या स्वरास जिभेची स्थिती ‘आ’सारखी, वरच्यास ‘ई’सारखी ठेवावी. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे चुंबकीय चलत्चित्रणाद्वारे हॉर्नवादकांच्या जिभेचे निरीक्षण झाले, तेव्हा कुशल वादकांची जीभ वर चढताना अशीच उचलली जाते असे आढळले.

आघाताच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याने विशेष सावध असावे. इंग्रजी अध्यापनग्रंथांत सांगितलेला उच्चार मराठी कान सहजच ‘टू’ असा ग्रहण करतो. परंतु ‘ट’ मूर्धन्य असून त्याच्या उच्चारात जिभेचे टोक मागे वळते; द्रुत लयीत त्यामुळे आघात जड व विलंबित होतो. मराठीचा दंत्य, अल्पप्राण ‘त’ येथे अधिक उपयुक्त होय. ‘थ’ टाळावा, कारण त्याच्या महाप्राणत्वामुळे नादाआधी हवाच निसटते. द्रुत वादनासाठी ‘तु-कु, तु-कु’ असे उच्चार योजावेत. त्यांतील ‘कु’ स्वभावतः दुर्बल असल्याने तो काही काळ स्वतंत्रपणे घोटावा.

शेवटी विश्रांतीविषयी. जितका वेळ वाजवावे, तितकाच वेळ थांबावे. ओठ थकले म्हणजे वादक वाद्य तोंडावर दाबू लागतो. दाबाने रक्ताभिसरण अडते, स्नायू अधिकच थकतो, आणि दाब पुन्हा वाढतो. लग्नसराईत दिवसदिवस फुंकणाऱ्या तुतारीवाल्यास हे संकट नवे नाही. पत्ती बिघडली तर सनईवाला दुसरी बसवितो. ओठास दुखापत झाली तर तुतारीवाल्यापाशी दुसरा ओठ नसतो. त्याची विद्या पुष्कळ अंशी ऐकून व पाहून पुढे जाते. परंतु जिभेची मुखातील हालचाल डोळ्यांना दिसत नाही. ती शब्दांत सांगावयाची तर मराठी वर्णमालेचे स्थान-प्रयत्नांचे वर्गीकरण हाताशी आहेच. शाळेत शिकलेले ‘त’ आणि ‘ट’ यांचे अंतर वादकाच्या ओठांचे आयुष्य वाढविण्याच्या कामी यावे, हा त्या वर्गीकरणाचा लहान उपयोग नव्हे.