‘नवनाथ भक्तिसार’मधील विद्याशक्ती : स्रोत, संक्रमण आणि मर्यादा

अद्भुत कथेत काहीही घडू शकते, असा एक समज साहित्याच्या अभ्यासात सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज खरा मानला, तर अशा कथेत ताण कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जेथे काहीही घडू शकते तेथे कोणत्याच प्रसंगाची उत्कंठा उरणार नाही. धुंडिसुत मालू यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये, पूर्ण केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ घरोघर पारायणासाठी वाचला जातो. त्यातील विद्याशक्तीला स्वतःची अशी एक नियमव्यवस्था आहे आणि कथानकाची गती त्या व्यवस्थेवरच अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तुलनेसाठी प्रथम एका आधुनिक कल्पनेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कॉड्रिंग्टन यांनी १८९१ साली मेलानेशियन लोकांवरील आपल्या ग्रंथात ‘माना’ या अमूर्त शक्तीच्या कल्पनेचा परिचय करून दिला. लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाने १९६९ साली एका कथेत ही शक्ती खनिजासारखी वापराने संपणारी कल्पिली. आजच्या संगणकीय खेळांत जादूगाराजवळ ‘माना’चा मोजका साठा असतो, प्रत्येक मंत्राबरोबर तो घटतो आणि काही काळाने पुन्हा भरतो. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. रामायणातील विश्वामित्र रंभेला क्रोधाने शाप देतो आणि त्यामुळे त्याचे तप क्षीण होते. तप हे तेथे संचित धन आहे व शाप हा त्याचा व्यय आहे.

‘भक्तिसारा’तील शाबरी विद्येचे स्वरूप मात्र याहून निराळे आहे. सप्तशृंगीच्या देवीच्या कृपेने मच्छिंद्रनाथांना नागाश्वत्थ वृक्षाचे दर्शन घडते. त्याच्या शाखांवर नाना दैवते विराजमान आहेत. त्यांना प्रसन्न करून नाथ त्यांच्याकडून साहाय्याचे वचन घेतात. मंत्र उच्चारला की त्या त्या दैवताने कार्यास यावे, असा हा करार आहे. म्हणजेच शक्ती साधकाच्या देहात साठलेली नाही. ती दिलेल्या शब्दात आहे. तप येथेही लागते, परंतु ते अधिकार मिळवण्यापुरते. मंत्रप्रयोगाने ते खर्ची पडत नाही. त्यामुळे या ग्रंथातील युद्धांत कोणाचा साठा आधी संपतो हा प्रश्नच उद्भवत नाही. अग्नीवर जल आणि पर्वतावर वज्र, अशा उतारांच्या ज्ञानावर जयापजय ठरतो.

दुसरा नियम संक्रमणाचा. शक्तीला वाहक द्रव्य लागते आणि ते बहुधा भस्म असते. एकदा अभिमंत्रित झालेले द्रव्य घेणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून राहत नाही. मच्छिंद्रांनी पुत्रप्राप्तीसाठी दिलेले भस्म ती स्त्री भयाने उकिरड्यावर टाकते; तरीही बारा वर्षांनी तेथूनच गोरक्ष प्रकट होतो. पुढे गोरक्ष संजीवनी मंत्राचे पाठांतर करीत असता मुलांच्या आग्रहावरून मातीचा पुतळा घडवतो आणि तो पुतळा सजीव होतो. तेच गहिनीनाथ होत. दोन्ही प्रसंगी कोणाचाही तसा हेतू नव्हता. मंत्र हेतू पाहत नाही. बीज जसे पेरणाऱ्याचे मन न विचारता उगवते, तसाच हा व्यवहार आहे.

तिसरा नियम विसर्गाचा. जागृत झालेला कोप लक्ष्यावाचून परत फिरत नाही. गोपीचंद राजाने जालिंदरनाथांना घोड्याच्या लिदीखाली खड्ड्यात पुरले होते. त्यांना बाहेर काढण्याच्या वेळी कानिफा राजाचे धातूचे पुतळे पुढे ठेवतो. गुरूच्या शब्दासरशी ते एकेक करून भस्म होतात आणि कोप शमल्यावरच खरा गोपीचंद पुढे येतो. शिष्य येथे गुरूच्या शक्तीशी झुंजत नाही. तिच्या नियमाचा आधार घेऊन तो राजाला वाचवतो. कथेतील ताण नियमातूनच निर्माण होतो आणि त्याची सोडवणूकही नियमातूनच होते.

अखेरची मर्यादा मूल्याची आहे. मच्छिंद्रांच्या झोळीतील सोन्याची वीट गोरक्ष फेकून देतो आणि डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. जे इतके सहज निर्माण होते त्याचा लोभ व्यर्थ, हा त्याचा इत्यर्थ होय. सोलापूरच्या वाचकाला येथे सिद्धरामेश्वरांचे स्मरण व्हावे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात तळ्याच्या बांधकामात गुंतलेल्या सिद्धरामांची आणि अल्लमप्रभूंची भेट वर्णिलेली आहे. सिद्धरामांचा क्रोधाग्नी अल्लमांवर चालत नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची आणि भिंत चालवणाऱ्या ज्ञानदेवांची मराठी आख्यायिका याच जातीची आहे. सिद्धीवर अधिक मोठी सिद्धी मात करते, असे या कथा वरवर सांगतात. वस्तुतः ‘मी’पणा जेथे उरत नाही तेथे शक्तीला लक्ष्यच सापडत नाही, हे त्यांचे सूत्र आहे. पतंजलीही जन्म, औषधी, मंत्र, तप व समाधी हे सिद्धीचे पाच स्रोत मान्य करतो, परंतु समाधीच्या मार्गात सिद्धींना विघ्नच समजतो.

या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येते. अद्भुताचे मूल्यमापन वास्तवाच्या कसोटीवर करणे अपुरे आहे. कथेने स्वतःच घालून घेतलेले नियम ती कितपत पाळते, ही त्याची खरी कसोटी होय. पोथी केवळ श्रद्धेचा विषय मानून अभ्यासाबाहेर ठेवली, तर मराठी कथनपरंपरेतील कार्यकारणाची एक स्वतंत्र रीत आपल्या दृष्टीआड राहील. शाबरी विद्येच्या मुळाशी साठा नसून वचन आहे. ज्या समाजात ही कथा ऐकली गेली, त्याने सामर्थ्याचा विचार संपत्तीच्या नव्हे तर दिलेल्या शब्दाच्या भाषेत केला, हे त्यातून दिसते. पारायण ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यांना हे सूत्र वर्गात उलगडून दाखवणे अवघड नाही.